वाळूतले दोघांचे लग्न : पुण्याहून निघताना सामान कसे बांधावे

पुण्यातल्या कोणत्याही लग्नात एक काकू असतात. त्यांच्या पर्समधून सेफ्टी पिना, सुईदोरा, टिकल्यांचे पाकीट, डोकेदुखीची गोळी, आवळासुपारी आणि वेळप्रसंगी परकराची जादा नाडीसुद्धा निघते. मुहूर्ताला पाच मिनिटे उरलेली असताना नवरीच्या ब्लाउजचा हुक तुटला, तर सगळे कार्यालय त्यांनाच शोधत सुटते. ज्या जोडप्याने दोनशे पानांची पंगत उठवण्याऐवजी राजस्थानच्या वाळूत, गुरुजी आणि दोन-तीन साक्षीदार एवढ्यांच्याच उपस्थितीत लग्न लावायचे ठरवले आहे, त्यांच्याबरोबर या काकू येत नाहीत. त्यांचे काम पिशवीला करावे लागते. वाळूच्या टेकडीवर दुकान नसते, शेजारच्या खोलीत मावशी नसते आणि विसरलेली वस्तू आणायला पाठवण्यासाठी रिकामा बसलेला चुलतभाऊही नसतो, हे मनात धरूनच पुढची सगळी तयारी करावी.

अशा लग्नाला पूर्वी पळून जाऊन केलेले लग्न म्हणत. हल्लीची बहुतेक जोडपी घरी सांगून, मोठ्यांच्या पाया पडून आणि डब्यात बेसनाचे लाडू घेऊनच पळून जातात. त्यामुळे सामान बांधायला सवड मिळते, ही जमेची बाजू आहे.

आधी ऋतू आणि तास

थारच्या वाळवंटात उघड्यावर लग्न लावण्याजोगा काळ साधारणपणे तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि फेब्रुवारीअखेर संपत येतो. एप्रिल ते जून या महिन्यांत तिकडे धुळीच्या आंध्या उठतात आणि मे महिन्यात जैसलमेरची दुपार ४५ अंशांच्या आसपास जाते. तेव्हा कितीही शहाणपणाने सामान बांधले तरी उपयोग होत नाही. ज्यांच्या घरी पौषात लग्न लावत नाहीत त्यांना मार्गशीर्ष किंवा माघ उरतो. माघी पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरचा मरु महोत्सव असतो आणि नाताळ ते नववर्ष या आठवड्यातही तिथे प्रचंड गर्दी लोटते, म्हणून हे दिवस एकांतासाठी जाणाऱ्यांनी टाळलेले बरे. पंचांग हातात आहेच तर चंद्रही पाहून ठेवावा. शुक्ल पक्षातल्या दशमीनंतरची तिथी मिळाली, तर विधी आटोपल्यावर तंबूपर्यंत परतण्याची वाट दिसते आणि दोन कंदील कमी न्यावे लागतात.

पुणेकरांची ठरलेली चूक म्हणजे वाळवंट हा शब्द ऐकताच सुती कपडे काढून बसणे. डिसेंबर-जानेवारीत जैसलमेरला दुपारी २३ ते २५ अंश इतकी सुखाची हवा असते. रात्री मात्र पारा सात-आठ अंशांपर्यंत आणि मोकळ्या वाळूवर त्याहूनही खाली येतो. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे दिवसभर तापलेली वाळू आपली उष्णता भराभर सोडून देते आणि सूर्य टेकल्यावर तासाभरातच थंडी अंगाला झोंबू लागते. शिवाजीनगरची दहा-अकरा अंशांची पहाट आपण रजईत काढतो. तिकडे तीच थंडी नववधूला शालूत उभे राहून काढायची असते.

म्हणून मुहूर्त आधी नक्की करावा आणि सामानाची यादी त्यानंतर लिहावी. डिसेंबरच्या मध्याला जैसलमेरचा सूर्यास्त सहाच्या थोडा आधी, म्हणजे जवळजवळ पुण्याइतक्याच वेळेला होतो. सूर्योदय मात्र साडेसातच्या सुमारास, पुण्यापेक्षा सुमारे अर्धा तास उशिरा होतो. गोरज मुहूर्त धरला तर वाळूचा रंग आणि मंगलाष्टके यांचा मेळ सुरेख बसतो, परंतु सप्तपदी होईपर्यंत अंधार पडतो, म्हणून उजेडाची साधने आणि उबदार कपडे पिशवीत सगळ्यात वर लागतात. सकाळचा मुहूर्त धरला तर याच्या उलट होते : सुरुवातीला अंगावर सगळे असते आणि ऊन चढेल तसे एकेक वस्त्र उतरवावे लागते, म्हणून उतरवलेले ठेवायला रिकामी पिशवी लागते. माझे मत विचाराल तर सकाळच बरी. रात्रीच्या वाऱ्याने वाळूवरची पावले पुसलेली असतात आणि संध्याकाळी जीपगाड्यांचा व उंटांचा जो बाजार भरतो, त्याचा सकाळी मागमूस नसतो.

जागेबद्दल थोडेच सांगतो. जैसलमेर शहरापासून पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर सम आणि नैर्ऋत्येला जवळपास तेवढ्याच अंतरावर खुरी, ही वाळूच्या टेकड्यांची दोन प्रसिद्ध ठिकाणे आहेत. समला तंबूंच्या रांगा आणि रात्रीचे ध्वनिक्षेपक आहेत. खुरी त्या मानाने शांत आहे. दोन्हींच्या लगत ३,१६२ चौरस किलोमीटरचे डेझर्ट नॅशनल पार्क पसरलेले असून, आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजमुळे परिचित झालेला माळढोक आता मुख्यतः याच भागात तग धरून आहे. त्यामुळे आकाशकंदील, फटाके, रंगीत धुराच्या नळ्या आणि चमकीचे कागद यांना सामानात अजिबात जागा देऊ नये. विधी नेमका कोठे करायचा आणि तिथे अग्नी पेटवता येईल का, हे तंबूवाल्याकडून लेखी संदेशात निश्चित करून घ्यावे आणि तो संदेश फोनमध्ये जपून ठेवावा.

कागदांची फाइल

वाळूतला विधी आणि लग्नाची कायदेशीर नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे असेल तर दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, पुढे ३० दिवस थांबावे लागते आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. हे लग्न अधिकाऱ्याच्या कार्यालयात किंवा तिथून वाजवी अंतरावरच लागू शकते आणि पुणे ते जैसलमेर हे अंतर कोणत्याही हिशेबाने वाजवी नाही. अशा जोडप्यांनी नोंदणी पुण्यातच उरकून मग वाळूत आपल्या मनासारखा सोहळा करावा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली मात्र विधी हेच लग्न असते. रूढीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच लग्न पूर्ण होते. तेव्हा नोंदणीसाठी पुढे लागणारा पुरावा त्या टेकडीवरच तयार होतो, हे विसरू नये. नोंदणी कोठे आणि कोणत्या कागदांवर होईल, हे निघण्यापूर्वी संबंधित कार्यालयात विचारून घ्यावे.

फाइलमध्ये दोघांची व साक्षीदारांची आधार कार्डे, वयाचे दाखले, प्रत्येकाच्या सहीनिशी प्रती, पासपोर्ट आकाराची छायाचित्रे आणि एक छापील लग्नपत्रिका असावी. नोंदणीच्या वेळी पत्रिका मागतात. लग्नाला कोणीच येणार नसले तरी दहा पत्रिका छापून घ्याव्यात. गुरुजींचे नाव, पत्ता आणि सही विधी झाल्याबरोबर, उबदार तंबूत चहा घेताना मिळवावी. पुण्याला आल्यावर ती मिळवणे किती जड जाते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सांगायला नको.

तीन पिशव्या

सगळे सामान तीन भागांत विभागावे. पहिली मोठी बॅग जैसलमेर शहरातल्या खोलीवर राहील. तिच्यात प्रवासाचे आणि नंतरच्या फिरण्याचे कपडे. दुसरी पिशवी तंबूपर्यंत जाईल. तिच्यात रात्रीचे कपडे, औषधे आणि नटण्याचे सामान. तिसरी थेट टेकडीवर चढेल. तिच्यात फक्त लग्न असेल. तिसरी पिशवी जो चढवणार आहे त्याने ती पाठीवर घेऊन पुण्यातच चार जिने चढून पाहावे, कारण वाळूत एक पाऊल वर टाकले की अर्धे खाली घसरते आणि पाच किलोचे वजन आठ किलोचे वाटू लागते. चाकांची बॅग वाळूत ओढता येत नाही. ट्रेकची सॅक किंवा दोन बंदांची कापडी बॅग घ्यावी. सॅकच्या चेनवर आधी मेणबत्ती घासून ठेवली तर वाळूचे कण अडकून चेन बसत नाही.

पुण्याहून जोधपूरपर्यंत आणि तिथून पुढे सुमारे २८० किलोमीटरवर जैसलमेर, असा प्रवास बहुतेकांचा होतो. रेल्वेत स्लीपर आणि थ्री टियर एसीला प्रत्येकी ४० किलो, तर टू टियरला ५० किलो सामान विनामूल्य नेता येते, म्हणून पूजेची भांडी आणि जाड पांघरुणे नेणाऱ्यांना रेल्वेच सोयीची. देशांतर्गत विमानात साधारणपणे १५ किलोची बॅग आणि हातातले सात किलो एवढीच मुभा असते. त्या सात किलोंत मंगळसूत्र, दागिने, मूळ कागदपत्रे, कॅमेरा आणि शालू यांनाच जागा द्यावी. या पाच गोष्टी हरवल्या तर त्या जैसलमेरला विकत घेता येत नाहीत.

एका मैत्रिणीच्या लग्नाला मी साक्षीदार म्हणून गेलो होतो आणि मुंडावळ्या सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते. त्या मी मोडू नयेत म्हणून फार काळजीने मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवल्या आणि ती बॅग शहरातल्या हॉटेलवर ठेवून आलो. टेकडीवर पोहोचल्यावर हे लक्षात आले तेव्हा मुंडावळ्या ४० किलोमीटर दूर होत्या. शेवटी हारातली झेंडूची फुले सोडवून सुईदोऱ्याने त्यांच्या मुंडावळ्या ओवल्या. छायाचित्रांत त्या छान दिसतात. पण ती सुई पिशवीत होती म्हणून निभावले. तेव्हापासून मी प्रत्येक पिशवीसाठी वेगळा कागद करतो आणि वस्तू पिशवीत गेल्यावरच तिच्यापुढे खूण करतो.

तिसरी पिशवी उलट्या क्रमाने भरावी. विधीत सगळ्यात शेवटी लागणारी वस्तू तळाशी आणि सगळ्यात आधी लागणारी वर. पूजेचे साहित्य एका पोतडीत कोंबण्याऐवजी हळद-कुंकू, अंतरपाट-मुंडावळ्या, होम आणि सप्तपदी अशा चार छोट्या कापडी पिशव्या करून त्यांवर नावे लिहावीत. वाऱ्यात शोधाशोध करायला लागले की अर्धे साहित्य वाळूत जाते.

नेसण्याचे आणि पांघरण्याचे

वाळवंटासाठी नऊवारीसारखे वस्त्र नाही, असे माझे ठाम मत आहे. काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात, टेकडी चढताना निऱ्या हातात धराव्या लागत नाहीत, वाऱ्याने घोळ उडत नाही आणि आतून लोकरी इजार घातली तरी कोणाला दिसत नाही. सहावारी पैठणी किंवा शालू नेसायचा असेल तर निऱ्यांना आतून पिना लावून घोट्याच्या थोडी वर नेसावी. वाळूपेक्षाही मोठा शत्रू म्हणजे भुरट नावाचे गवत; त्याची काटेरी बोंडे जरीच्या धाग्यात इतकी घट्ट रुततात की ओढून काढताना धागा निघून येतो. म्हणून तंबूपासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत साडीवर जुना सुती परकर किंवा लुंगी गुंडाळून चालावे आणि स्वच्छ वाळू लागली की ती काढावी. बोंडे निघण्यासाठी भुवयांचा चिमटा उत्तम.

नवरीने खणाचे लांब बाह्यांचे पोलके शिवून घेतले आणि आत खोल गळ्याचे उबदार अंतर्वस्त्र घातले, तर विधीपुरती शाल लागत नाही. नवरदेवाने धोतराखाली उबदार पायजमा आणि सदऱ्याखाली लोकरी बंडी घालावी. उपरणे आणि शेला सुती किंवा रेशमी असावेत. कृत्रिम धाग्याचे कापड होमाजवळ ठिणगीने वितळून कातडीला चिकटते, त्यामुळे जाळीचा नायलॉनचा शेला कितीही सुंदर असला तरी घरी ठेवावा. पुणेरी पगडीचा मान मोठा आहे आणि २००९ पासून तिला भौगोलिक मानांकनही आहे, परंतु तिचा डबा अर्धी बॅग अडवतो आणि वाऱ्याची झुळूक आली की हात डोक्याकडे जातो. त्यापेक्षा फेट्याचे कापड न्यावे. ते कितीही चुरगळले तरी बिघडत नाही, साक्षीदारांपैकी एकाने बांधायला शिकून घ्यावे, आणि तेही जमले नाही तर तिकडे साफा बांधणारे हात जागोजागी सापडतात. फक्त तो मग पुणेरी न दिसता जैसलमेरी दिसेल.

पायांत काय घालावे याचा निर्णय तासावर सोडावा. संध्याकाळी वाळू कोमट असते आणि अनवाणी चालण्यात खरोखर सुख असते. पहाटेची वाळू बर्फासारखी असते. तेव्हा लोकरी मोजे आणि बूट घालून वर जावे आणि फक्त विधीपुरते पाय मोकळे करावेत. कोल्हापुरी चपलेत वाळू शिरते तशी निघूनही जाते, मोजडीत मात्र ती साठून राहते. तंबूबाहेर काढून ठेवलेले पादत्राण घालण्यापूर्वी झटकून घ्यावे. थंडीत विंचू कमी फिरतात, पण फिरतच नाहीत असे नाही.

पूजेचे साहित्य : काय न्यावे, काय तिकडे घ्यावे

तुळशीबागेत मुंडावळ्या, हिरवा चुडा, हळकुंडे, सुपाऱ्या आणि अंतरपाट एका फेरीत मिळतात आणि हे सगळे पुण्यातूनच न्यावे, कारण मराठी लग्नाचे साहित्य जैसलमेरच्या बाजारात आपल्या पद्धतीचे मिळत नाही. काचेचा चुडा गुंडाळीच्या पुठ्ठ्यासह मोज्यांमध्ये सरकवून न्यावा. याउलट नारळ, तूप, लाह्या, तांदूळ, समिधांसाठी लाकूड, कापूर आणि काडेपेटी तिकडे घ्यावी. सुके खोबरे आणि कापूर हे दोन्ही पदार्थ पेट घेणारे म्हणून हवाई वाहतुकीच्या नियमांत धोकादायक मानले जातात आणि काडेपेटीही विमानात चालत नाही. सुरक्षातपासणीत बॅग उघडून गुरुजींची पुडी बाहेर काढली जाण्याचा प्रसंग टाळलेला बरा.

अंतरपाट वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि धरणारे दोघेजण ओढले जातात. त्याच्या खालच्या काठात दोन्ही टोकांना दोन-दोन नाणी शिवून टाकली तर तो सरळ लोंबतो. मंगलाष्टकांचा कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पुठ्ठ्याला चिमट्याने लावावा. सप्तपदीच्या तांदळाच्या सात राशी थेट वाळूवर घातल्या तर तांदूळ वाळूत मिसळून वाया जातात. त्यासाठी जाड सतरंजी किंवा सोलापुरी चादर न्यावी, तिच्या चारही कोपऱ्यांना नाडीने वाळूने भरलेल्या पिशव्या बांधाव्यात आणि विधी झाल्यावर तांदूळ गोळा करून तंबूवाल्याकडे द्यावेत. अक्षताही त्याच चादरीवर पडतील इतक्याच, मूठभर असाव्यात.

होमकुंड लहान, तांब्याचे असावे. कसब्यातल्या तांबट आळीत ते हवे त्या आकाराचे मिळते. वाळूत निम्मे पुरून बसवले की कलंडत नाही. वाऱ्याच्या बाजूला सॅक उभी न करता पत्र्याचा डबा किंवा ताट आडवे लावावे. होम झाल्यावर निखाऱ्यांवर वाळू टाकून निघून जाणे ही फार धोक्याची सवय आहे. झाकलेले निखारे वाळूखाली बराच वेळ धगधगत राहतात आणि नंतर अनवाणी चालणाऱ्याचा पाय भाजतो. दोन लिटर पाणी केवळ विझवण्यासाठी वेगळे ठेवावे, राख पूर्ण थंड झाल्यावर डब्यात भरून परत आणावी.

फुलांचा प्रश्न थोडा अवघड आहे. कोरड्या हवेत नाजूक फुले दुपारपर्यंत माना टाकतात, आणि मोगऱ्याचा तो हंगामही नसतो. शेवंती, झेंडू आणि अबोली टिकतात. निघण्याच्या दिवशी पहाटे गुलटेकडीच्या फुलबाजारातून घेतलेले हार ओल्या मलमलीत गुंडाळून, केळीच्या पानासह स्टीलच्या डब्यात ठेवले तर दोन दिवस तग धरतात. डब्यात पाणी साचू देऊ नये.

अंगठी घालणार असाल तर एक गोष्ट नक्की करावी. थंडीत बोटे आकसतात आणि पुण्यात घट्ट बसणारी अंगठी टेकडीवर सैल होते. अंगठ्या, जोडवी आणि मंगळसूत्र यांची देवघेव नेहमी ताम्हणावर किंवा पसरलेल्या उपरण्यावर करावी. शिवाय स्वयंपाकघरातली पिठाची चाळण पिशवीत टाकावी. हसणाऱ्यांना हसू द्यावे. टेकडीवरची वाळू इतकी बारीक असते की ती चाळणीतून सहज गळते आणि पडलेले कर्णफूल वर राहते.

काकूंचा डबा

हा डबा तिसऱ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात असावा आणि तो साक्षीदारांपैकी कोणा एकाच्या स्वाधीन करावा, नवरा-नवरीच्या नव्हे. त्यात लहान-मोठ्या सेफ्टी पिना, ओवलेल्या सुया, जादा हुक, नाडी, केसांचे आकडे, टिकल्या, कात्री, चिमटा, चिकटपट्टी, टिपकागद आणि कोरडा मऊ ब्रश असावा. विमानाने जाताना कात्री आणि सुया हातातल्या सामानात ठेवू नयेत.

त्याच डब्यात औषधे ठेवावीत : तापाची व अंगदुखीची गोळी, शिंकांवरची गोळी, पट्ट्या, मुरगळलेल्या पायासाठी क्रेप बँडेज आणि जलसंजीवनीची पाकिटे. पाकीट संपले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असे चहाच्या सपाट चमच्याने मोजून करता येते. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत आणि संध्याकाळी डोके धरून बसतात. माणशी दिवसाला तीन ते चार लिटर पाणी धरून चालावे. ओठांना आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडेला व्हॅसलीन लावले तर कातडी फुटत नाही. उन्हाचे मलम मेकअपच्या आधी लावावे आणि ते मान व पावलांवरही लावावे. डोळ्यांत लेन्स घालणाऱ्यांनी चष्मा जवळ ठेवावा, कारण लेन्सखाली वाळूचा एक कण गेला तर मंगलाष्टके रडतच ऐकावी लागतात आणि ते रडणे कौतुकाचे नसते.

उष्टी हळद पुण्यातच लावून घ्यावी. तंबूत गरम पाणी मोजून मिळते आणि सात अंशांत हळद धुण्याचा उत्साह कोणाला राहत नाही. खाण्यासाठी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लाडू आणि थर्मासमध्ये गवती चहा पुरे. त्यांनाच रुखवत समजावे.

उजेड, कॅमेरा, पैसे

संध्याकाळच्या मुहूर्तासाठी ट्रेकला वापरतो तसे डोक्याला बांधायचे टॉर्च, माणशी एक, आणि बॅटरीवरचे चार कंदील न्यावेत. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात. जादा बॅटऱ्या अंगावरच्या कपड्याच्या आतल्या खिशात ठेवाव्यात. पॉवर बँक विमानात फक्त हातातल्या सामानातच चालते. कॅमेऱ्याची लेन्स टेकडीवर बदलू नये; दोन लेन्स हव्या असतील तर दोन कॅमेरे, नाहीतर एका लेन्समध्ये भागवावे. ड्रोन नेऊ नये. जैसलमेर हा सीमेवरचा जिल्हा आहे, तिथे हवाई दलाचा तळ आहे आणि परवानगीविना ड्रोन उडवल्यास वरात पोलीस ठाण्यात जाऊ शकते. टेकड्यांवर फोनला रेंज भरवशाची नसते, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्यावेत आणि उंटवाल्यांना, जीपवाल्यांना देण्यासाठी सुट्ट्या नोटा ठेवाव्यात.

एक तालीम

निघण्याच्या आठ दिवस आधी, पहाटे सहाला, दोघांनी पूर्ण वेषात वेताळ टेकडीवर जावे. तिसरी पिशवी पाठीवर असावी. नऊवारी दुसऱ्याच्या मदतीशिवाय नेसायला किती वेळ लागला, हे घड्याळ लावून पाहावे. घरी वीस मिनिटे लागली असतील तर वाकून चालाव्या लागणाऱ्या तंबूत चाळीस धरावीत. वाऱ्यात अंतरपाट धरून पाहावा, पिशवीतून प्रत्येक वस्तू क्रमाने काढून पाहावी. टेकडीवर रोज फिरायला येणारे आजोबा थांबून चौकशी करतील, कदाचित आशीर्वादही देतील. जी वस्तू त्या तासाभरात एकदाही हाताळली गेली नाही, ती औषध किंवा कागद नसेल तर घरी ठेवावी.

परतीचे बांधणे

परत निघताना पैठणीची घडी तंबूत घालू नये. ती सैलसर गुंडाळून जुन्या सुती चादरीत बांधावी, कारण घडीच्या रेषेत अडकलेली वाळू प्रवासभर घासली जाऊन तिथेच जर कापते. पुण्याला आल्यावर गच्चीवर सावलीत दोरीवर ती उलटी टाकावी, हाताने हलके झटकावे, मग काकूंच्या डब्यातल्या मऊ ब्रशने जरीच्या दिशेने, आडवा हात न मारता, वाळू काढावी. पाणी लावू नये. दोन दिवसांनी पुन्हा एकदा झटकावे, तेव्हाही थोडी पडेल. सॅक उलटी करून शिवणींमधून वाळू काढावी, कॅमेऱ्यावरची वाळू कापडाने पुसण्याऐवजी फुंकणीने उडवावी, आणि तांब्याचे होमकुंड चिंच-मिठाने घासून, पूर्ण कोरडे करून मगच फडक्यात बांधून ठेवावे.